रिपोर्ट नॉर्मल आल्यानंतर

(मूत्राशयाच्या दीर्घकालीन आजारांवर परिसरातल्या डॉक्टरांसाठी ठाकुर्लीत एका रविवारी अभ्यासवर्ग झाला. वस्तीतल्या बचत गटांच्या काही बायकांनाही त्यासाठी मुद्दाम बोलावलं होतं. वर्गाच्या शेवटी आमच्या एका कार्यकर्त्या मैत्रिणीने केलेलं भाषण इथे देत आहोत. – संपादक)



सकाळपासून आपण पडद्यावर मूत्राशयाची आतली-बाहेरची चित्रं पाहिली. औषधांची नावं ऐकली. आता जेवणाची वेळ होत आली आहे आणि मला शेवटचा अर्धा तास दिला आहे. कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे विषय लिहिलाय, ‘सामाजिक बाजू’. आजाराला अशी वेगळी काढून शेवटी ठेवण्यासारखी सामाजिक बाजू असते का, याबद्दल मला शंका आहे. तरी ती शंका बाजूला ठेवते आणि कामाला लागते.

मी डॉक्टर नाही. एम. एस. डब्ल्यू. केलेली समाजकार्यकर्ती आहे. ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातल्या बायकांबरोबर दवाखान्यांच्या बाकड्यांवर बसणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्या बाकड्यावरून जे दिसतं तेवढंच मी बोलणार आहे.

एका ताईंपासून सुरुवात करते. नाव सांगत नाही. ठाकुर्लीत राहतात, चाळिशीच्या आतल्या आहेत, चार घरी भांडी आणि स्वयंपाक करतात. आमच्या केंद्रात आल्या त्या नवऱ्याशी होणाऱ्या भांडणाची तक्रार घेऊन. तो म्हणायचा, ‘रात्री सारखी उठून कुठे जातेस?’ आणि जवळ आला की या दूर सरकायच्या, त्यावरून मारहाणही झाली होती. तिसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, ‘ताई, मी कुठे जाणार? संडासात जाते. रात्री आठ-दहा वेळा जाते. ओटीपोटात कुणी निखारा ठेवल्यागत होतं. लघवी झाली की जरा बरं वाटतं, पुन्हा अर्ध्या तासाने तेच.’

हे सहा वर्षं चाललं होतं. पुढच्या वेळी त्या साडीच्या दुकानाची एक प्लॅस्टिकची पिशवी भरून कागद घेऊन आल्या. आम्ही दोघींनी ते जमिनीवर तारखेप्रमाणे लावले. एकोणीस चिठ्ठ्या निघाल्या, त्यातल्या सोळांवर अँटिबायोटिक होतं. लघवीचं कल्चर सहा वर्षांत दोनदा झालं होतं आणि दोन्ही वेळा जंतू सापडले नव्हते. सोनोग्राफी तीन वेळा, तिन्ही नॉर्मल. शेवटच्या चिठ्ठीवर झोपेची गोळी होती. तोंडी सल्ला मिळाला होता, ‘रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. टेन्शन घेऊ नका.’

मी कुणा डॉक्टरला दोष द्यायला उभी नाही. त्या एकोणीस चिठ्ठ्या वेगवेगळ्या हातांच्या होत्या आणि त्यातला प्रत्येक हात त्या दिवसापुरतं बरं करायला बघत होता. पण सगळे कागद एकत्र कुणीच पाहिले नव्हते. रिपोर्ट नॉर्मल आला की तपास संपला असं प्रत्येकाने धरलं होतं. मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. या आजारात रिपोर्ट नॉर्मल येणं ही निदानाची सुरुवात असते. तिथून पुढे काय विचारायचं आणि काय तपासायचं, हे डॉक्टरांनी शिकायला हवं, आणि त्या शिकण्यात बाईलाही जागा हवी.

नाव जुनं, विश्वास नवा

सकाळच्या वक्त्यांनी या आजाराची दोन नावं सांगितली, इंटरस्टिशियल सिस्टायटिस आणि ब्लॅडर पेन सिंड्रोम. बचत गटाच्या मैत्रिणींसाठी सोप्या शब्दांत सांगते. लघवीची पिशवी भरत आली की दुखतं, दाब येतो, आग होते. रिकामी झाली की थोडा आराम पडतो. म्हणून बाई दिवसा-रात्री सारखी जाते. हे सहा आठवड्यांहून जास्त चाललेलं असतं आणि जंतूंचा संसर्ग किंवा दुसरं उघड कारण सापडत नाही. पुरुषांनाही हा आजार होतो, पण बायकांमध्ये बराच जास्त आढळतो.

हे नाव वैद्यकात १८८७ पासून आहे. अमेरिकेत अलेक्झांडर स्कीन यांनी ते वापरलं. १९१५ मध्ये गाय हनर यांनी मूत्राशयाच्या अस्तरावर दिसणाऱ्या व्रणांचं वर्णन केलं. तिथून एक गंमत झाली, किंवा शोकांतिका म्हणा. डॉक्टर व्रण शोधू लागले. खरं तर हे व्रण थोड्याच रुग्णांत दिसतात. ज्यांच्यात दिसले नाहीत त्या बायकांचं दुखणं कित्येक दशकं मनाच्या खात्यावर टाकलं गेलं.

हे बदललं ते एका रुग्णामुळे. व्हिकी रॅटनर ही अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच आजारी पडली. तिचंही दुखणं डॉक्टरांना पटेना. तिने स्वतः ग्रंथालयात बसून आजार शोधला आणि १९८४ मध्ये रुग्णांची संघटना काढली. त्या रेट्याने तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने १९८७ मध्ये तज्ज्ञांना बोलावून निकष ठरवले. ते निकष होते संशोधनासाठी. पण दवाखान्यांत डॉक्टर त्यावरच निदान करू लागले. १९९९ मध्ये अभ्यासकांनी पडताळून पाहिलं, तेव्हा अनुभवी तज्ज्ञ ज्यांना हा आजार आहे असं म्हणत होते, त्यातले साठ टक्क्यांहून जास्त रुग्ण त्या कडक निकषांतून गळत होते. आज तक्रार नीट ऐकून, तपासून आणि इतर कारणं बाजूला काढून निदान करायचं, असं मार्गदर्शिका सांगतात. म्हणजे फिरून ऐकण्यापाशीच आलो.

हे सगळं अमेरिकेतलं झालं, पण बाईचं दुखणं न तपासण्याचा इतिहास आपल्याकडेही आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक अवयवांचा काही ना काही आजार होता. त्याआधी कधीही अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तो अभ्यास मूत्राशयावर नव्हता. पण बाईच्या कमरेखालचं दुखणं किती मोठं आणि किती न पाहिलेलं असू शकतं, हे त्याने जगाला दाखवलं. आमच्या या शहरी पट्ट्यात गल्लीगल्लीत दवाखाने आहेत, तरी बायकांचं चाललंय ते तोंड दाबून बुक्क्यांचा मार असंच.

‘पिशवी’ कोणती?

आता आमच्या भाषेबद्दल थोडं बोलते, कारण निदान तिथेच चुकतं. आपल्याकडची बाई ‘माझं मूत्राशय दुखतं’ असं म्हणत नाही. ती म्हणते, ‘पिशवीत दुखतं.’ आणि आपल्याकडे पिशवी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात गर्भपिशवी येते. एका बाईंचं नेमकं असंच झालं. ओटीपोटात दुखतं, पिशवीला सूज आहे असं ठरलं आणि गर्भाशय काढलं. दुखणं जिथल्या तिथे राहिलं, कारण ते लघवीच्या पिशवीचं होतं. ऑपरेशनच्या कर्जाचे हप्ते मात्र दोन वर्षं चालू होते.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न आपल्याला माहीत आहे. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीसमोर पाहणीचे आकडे आले. ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यामागे मजुरीचा खाडा, मुकादमाची उचल, खासगी दवाखान्यांचा धंदा अशी पुष्कळ कारणं आहेत आणि सगळ्या दुखण्यांची जबाबदारी मूत्राशयावर टाकणं चूक ठरेल. पण ‘पिशवी दुखते’ म्हणणाऱ्या बाईला ‘कुठली पिशवी? लघवी झाल्यावर दुखणं कमी होतं का?’ हे कुणी विचारलं नाही, तर पुढचा रस्ता कुठे जातो ते यातून कळतं.

दुसरा शब्द ‘उन्हाळी’. लघवीला आग झाली की बाई म्हणते, ‘उन्हाळी लागलीय.’ मग धन्याचं पाणी, सब्जा, बार्ली. दोन-चार दिवसांची आग असेल तर या उपायांत वावगं काही नाही. पण भर पावसाळ्यात, थंडीत, वर्षानुवर्षं ‘उन्हाळी’ लागत असेल तर तो शब्द ऐकून डॉक्टरांनी थांबायला हवं.

आमच्या ताईंच्या बाबतीत कोण थांबलं? एक बी. ए. एम. एस. झालेल्या डॉक्टरीणबाई. वस्तीतच दहा बाय बाराच्या खोलीत दवाखाना चालवतात. ताई तिथे खोकल्यासाठी गेल्या होत्या. तपासताना त्या मध्येच उठून बाहेर गेल्या. परत आल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘रात्री किती वेळा उठता?’ सहा वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला. नंतर मी त्यांना भेटले आणि म्हटलं, ‘तुम्हाला हे कसं सुचलं?’ तर त्या म्हणाल्या, ‘मागे एका अभ्यासवर्गात अर्धा तास ऐकलं होतं. चार प्रश्न वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवले होते.’ डॉक्टरांना पुन्हा शिकवण्याने काय होतं, असं मला कुणी विचारलं तर मी त्या मागच्या पानाबद्दल सांगते.

पाच कामं, फार खर्चाची नाहीत

त्या चार प्रश्नांपासूनच सुरुवात करू. दिवसा किती वेळा आणि रात्री किती वेळा? पिशवी भरताना दुखतं की लघवी करताना? झाल्यावर आराम पडतो का? घाईने का जाता, कपडे ओले होतील म्हणून की दुखणं सहन होत नाही म्हणून? शेवटच्या प्रश्नाने पुष्कळ उलगडा होतो. गळण्याच्या भीतीने धावणारी बाई बहुधा अतिक्रियाशील मूत्राशयाची असते आणि तिचे उपचार वेगळे आहेत. आणखी एक प्रश्न एकांतात विचारायचा, संबंधाच्या वेळी दुखतं का? सासू आणि नवरा बाहेर बसलेले असताना, पडदा ओढून, खालच्या आवाजात विचारा. उत्तर लगेच मिळणार नाही, पण विचारणारं कुणी आहे हे तिला कळेल.

दुसरं काम, वही. तीन दिवसांची लघवीची वही. किती वाजता गेली, किती झाली, दुखणं किती होतं, काय प्यायली. मोजायला खुणा असलेला प्लॅस्टिकचा मग पुरतो. साधारण बाईला एका वेळी तीनशे-चारशे मिलिलिटर लघवी होते. आमच्या ताईंची वही आली तेव्हा बहुतेक आकडे शंभरच्या आत होते. ताई चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांच्या मुलीने रकाने आखून दिले आणि दुखण्यासाठी त्यांनी स्वतः खुणा ठरवल्या. थोडं दुखलं तर एक रेघ, जास्त दुखलं तर तीन. अक्षर न येणारी बाईही ही वही ठेवू शकते. नवऱ्याने ती वही पाहिली आणि ‘कुठे जातेस’ हा प्रश्न त्यानंतर त्या घरात आला नाही. औषधाआधी वहीचा असा उपयोग झाला.

तिसरं, कल्चर. अँटिबायोटिक देण्याआधी करा. सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन वेळा, कल्चरने सिद्ध झालेला संसर्ग असेल तर त्याला वारंवार संसर्ग म्हणतात. नुसत्या आगीवरून म्हणत नाहीत. आणि बाटली हातात देताना दोन वाक्यं बोला. आमच्या बायकांना बाटली मिळते आणि बोट दाखवलं जातं. तिथे कडी नसते, पाणी नसतं, बाहेर रांग असते. मग बाई पहिली धार बाटलीत घेते आणि रिपोर्टमध्ये नको ते जंतू येतात. आधी धुवा, पहिली धार सोडा, मधली घ्या, झाकण लगेच लावा, तास-दोन तासांत पोचवा. एवढं मराठीत आणि हिंदीत लिहून संडासाच्या दाराला आतून चिकटवलं तरी फरक पडेल.

चौथं, जे चुकून चालणार नाही ते. आपल्या देशात लघवीत पस सेल्स आहेत पण साध्या कल्चरमध्ये काही वाढत नाही, असं दिसलं की क्षयरोगाचा विचार व्हायलाच हवा. साध्या कल्चरमध्ये टीबीचा जंतू दिसत नाही, त्यासाठी सकाळच्या लघवीची वेगळी तपासणी लागते. टीबीनेही मूत्राशय आक्रसतं, वारंवार जावं लागतं. आमच्या कामात एका तरुण मुलीचा आजार असाच टीबी निघाला. तिला उपचार आहेत, तेही सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत, फक्त उशीर परवडत नाही. लघवीतून रक्त जात असेल, मग दुखो वा न दुखो, तर कर्करोग नाही याची खात्री करायला हवी. मधुमेह, मुतखडा, अंग बाहेर येणं, लघवी पूर्ण न होणं, हेही पाहायचं. पाळी गेलेल्या बाईला योनिमार्गाच्या कोरडेपणाने आग होते आणि वारंवार संसर्गही होतो. तिथे लावायचं इस्ट्रोजेनचं मलम उपयोगी पडतं, पण ते विचारायला बायका लाजतात आणि सांगायला डॉक्टर संकोचतात.

पाचवं, हात लावून तपासणं. बाईच्या संमतीने, तिला समजावून, सोबत दुसरी स्त्री ठेवून. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळलेले, दुखरे असतील तर ते बोटांना कळतं, सोनोग्राफीत दिसत नाही. एक चूक इथे वारंवार होताना मी पाहिली आहे. लघवीची तक्रार म्हटली की आवळण्याचे व्यायाम सांगितले जातात. खोकताना लघवी गळत असेल तर ते व्यायाम चांगले. पण या दुखण्यात स्नायू आधीच आवळलेले असतात. त्यांना आणखी आवळायला लावलं की दुखणं वाढतं. इथे स्नायू सैल सोडायला शिकवणारी, जाणकार फिजिओथेरपिस्ट लागते.

उपचार म्हणजे गोळी एवढंच नव्हे

उपचारांवर सकाळी सविस्तर बोलून झालंय, म्हणून मी बाकड्यावरून दिसणाऱ्या तीन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, अमिट्रिप्टिलिन. कमी मात्रेत, रात्री दिलं जाणारं हे औषध बऱ्याच जणींना आराम देतं. पण चिठ्ठी घेऊन बाई मेडिकलमध्ये जाते आणि काउंटरवरचा मुलगा म्हणतो, ‘ही तर डिप्रेशनची गोळी.’ ती घरी येऊन रडते, म्हणते शेवटी मला वेडीच ठरवलं ना. गोळी कचऱ्यात जाते. एक मिनिट घालवून ‘ही गोळी दुखण्याच्या नसांसाठी दिली आहे, सुरुवातीला तोंड कोरडं पडेल, झोप येईल’ एवढं सांगितलं असतं तर ती टिकली असती. मनाचं दुखणं असणं हा काही गुन्हा नाही, हेही मी या बायकांना सांगते. सहा वर्षं झोप न झालेल्या बाईचं मन दुखणारच. पण ते दुखणं नंतर आलेलं आहे, क्रम उलटा लावू नये.

दुसरी गोष्ट, पेंटोसान. महागडं औषध, महिनोन् महिने घ्यायचं. दीर्घकाळ घेणाऱ्या काही रुग्णांच्या डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होतो असं २०१८ पासून पुढे आलं आहे. ते देताना डोळ्यांची तपासणी सांगायला हवी. ही माहिती बाईचा हक्क आहे.

तिसरी गोष्ट, खाणंपिणं. चहा, कॉफी, लिंबू, टोमॅटो, तिखट, सोडा यांनी काहींचं दुखणं वाढतं. सगळ्यांचं नाही. म्हणून सगळं एकदम बंद करून बाईला भाकरी-मिठावर ठेवू नका. एकेक पदार्थ थोडे दिवस सोडून बघायचा, वहीत लिहायचं. आमच्या ताईंना टोमॅटोने काही झालं नाही. चहाने मात्र व्हायचं, आणि सहा वेळचा चहा हाच त्यांचा दुपारपर्यंतचा आहार होता. तिथे आम्हाला चहाबरोबर भुकेचाही विचार करावा लागला.

पुढचे उपचारही आहेत. पिशवीत औषध सोडणं, दुर्बिणीने तपासून व्रण असतील तर ते जाळणं किंवा त्यात इंजेक्शन देणं, आणि काही निवडक रुग्णांत आणखी मोठे उपाय. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेने तर पहिली पायरी, दुसरी पायरी हा क्रमच काढून टाकला आणि रुग्णाबरोबर बसून ठरवा असं सांगितलं. आणि एक गोष्ट स्पष्टपणे करू नका म्हटलं आहे, संसर्ग नसताना लांबलचक अँटिबायोटिक. त्या सोळा चिठ्ठ्या आठवा.

कोण शिकवतं, कोणाला शिकवतं

आता अभ्यासवर्गांबद्दल. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट तास लागतात. ते तास कशावर खर्च होतात? ज्या औषधाला, यंत्राला विकणारा कुणी आहे, त्याच्यावर बोलणारे वक्ते सहज मिळतात. सभागृहही मिळतं, जेवणही. कंपन्यांनी डॉक्टरांना काय द्यावं, काय देऊ नये याचे नियम २०२४ मध्ये केंद्राने नव्याने केले आहेत, ते चांगलंच आहे. पण लघवीच्या वहीचा एम. आर. नसतो. प्लॅस्टिकच्या मगाची जाहिरात कोण करणार? म्हणून या साध्या गोष्टी कार्यक्रमपत्रिकेवर येत नाहीत, आल्या तर जेवणाच्या आधीच्या अर्ध्या तासात येतात.

दुसरं असं की या वर्गांना बोलावणं जातं ते बहुधा तज्ज्ञांना. बाई पहिल्यांदा जाते ती गल्लीतल्या बी. ए. एम. एस., बी. एच. एम. एस. डॉक्टरांकडे, महापालिकेच्या दवाखान्यातल्या परिचारिकेकडे, आशाताईकडे. आज इथे मागच्या ओळीत त्यातल्या काही जणी बसल्या आहेत, त्याचा मला आनंद आहे. पुढच्या वेळी त्यांना पुढच्या ओळीत बसवा.

हे जमण्यासारखं आहे, याचा पुरावा मुंबईतच आहे. घरात मार खाल्लेली बाई दवाखान्यात ‘पाय घसरून पडले’ म्हणायची आणि डॉक्टर तेच लिहून घ्यायचे. हे बदलायला ‘सेहत’ ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. डॉक्टर, परिचारिका, आयाबाई या सगळ्यांना विचारायला कसं, ऐकायला कसं, नोंद कशी करायची हे शिकवलं. पुढे वैद्यकीय अभ्यासक्रमात स्त्रीपुरुषभेदाचं भान आणायचं कामही ‘सेहत’ने राज्यातल्या वैद्यकीय शिक्षण विभागाबरोबर केलं. डॉक्टरांना हे सुचलं नव्हतं असं नाही. पण स्त्री चळवळीने प्रश्न दवाखान्याच्या आत नेला, तेव्हा शिकवणं सुरू झालं. मूत्राशयाच्या दुखण्याचंही तसंच करावं लागेल.

माझ्या मागण्या तीन आहेत. एक, या विषयाच्या प्रत्येक वर्गात एक तरी रुग्ण बाई शिक्षिका म्हणून बोलावी. तिला मानधन द्यावं, तिचा दिवसाचा खाडा भरून निघावा. दोन, प्रश्न, वही आणि कल्चरच्या सूचना मराठीत छापून वस्तीतल्या दवाखान्यांत ठेवाव्यात. तीन, कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या शास्त्रीनगर आणि रुक्मिणीबाई रुग्णालयांत महिन्यातून एक दुपार अशा दुखण्यासाठी असावी. स्त्रीरोगतज्ज्ञ, युरॉलॉजिस्ट, फिजिओथेरपिस्ट आणि समाजकार्यकर्ती एकाच वेळी भेटतील अशी. म्हणजे बाईला चार दारांसाठी चार खाडे करावे लागणार नाहीत.

मैत्रिणींनो, आपलं काम

आपणही थोडं स्वतःकडे पाहू. हा आजार नसलेल्या बाईलाही पकडून ‘तुला हेच झालंय’ असं सांगत सुटायचं नाही. आपलं काम कागद तारखेने लावणं, वही सुरू करून देणं, सोबत जाणं आणि रक्त, ताप, कमरेत असह्य कळ, लघवी तुंबणं असं काही दिसलं तर वेळ न घालवता पाठवणं.

आणि संडासाचा प्रश्न सोडायचा नाही. इथून मुंबईला कामाला जाणारी बाई तासाहून जास्त लोकलमध्ये असते आणि लोकलमध्ये स्वच्छतागृह नसतं. म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही. हा आजार लोकलमुळे होतो असं मी म्हणत नाही. पण दाट झालेली लघवी दुखऱ्या पिशवीला आणखी झोंबते. आमच्या ताई ज्या चार घरांचं काम करायच्या, त्यातल्या तीन घरांत संडास घासायचा त्यांनी, वापरायचा मात्र नाही. २०११ पासून मुंबईत ‘राइट टू पी’ मोहिमेतल्या बायकांनी मुताऱ्या मोजल्या, रस्त्यावर सह्या गोळा केल्या. ‘मिळून साऱ्याजणी’च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये राज्यातल्या महापालिकांना बायकांसाठी स्वच्छतागृहांची सोय करण्याचे आदेश दिले. तो आदेश आपल्या वॉर्डात किती पोचला, हे विचारणं आपल्या हातात आहे. घरकामगार बायकांच्या बैठकीत ‘कामाच्या घरात संडास वापरू द्या’ ही मागणी पगाराच्या मागणीशेजारी लिहा.

शेवटी ताईंचं काय झालं ते सांगते, नाहीतर जेवताना तुम्ही विचारालच. त्या पूर्ण बऱ्या झालेल्या नाहीत. हा आजार पुष्कळदा असा मुळापासून जात नाही, कमी-जास्त होत राहतो. रात्री आठ-दहा वेळा उठायच्या, आता दोन-तीन वेळा उठतात. अँटिबायोटिक बंद आहे. एका घरच्या बाईंनी वही पाहिली आणि संडास वापरायला दिला, दुसरं घर ताईंनी सोडलं. नवऱ्याबरोबरचं सगळं मिटलंय असं नाही, पण तो आता सोबत दवाखान्यात येतो.

आज मी त्यांना इथे बोलवलं होतं. तुमच्यासमोर माझ्याऐवजी त्यांनीच बोलावं असं माझ्या मनात होतं. त्या म्हणाल्या, ‘एवढ्या डॉक्टरांसमोर लघवीचं कसं बोलू? आणि मध्येच उठावं लागलं तर?’ मी म्हटलं, उठा की. पण त्या आल्या नाहीत. त्यांनी वही पाठवली आहे, ती इथे टेबलावर ठेवते. जेवायला जाण्याआधी प्रत्येकाने तिचं एक तरी पान उलटून पाहावं. आणि पुढच्या वर्गात मध्येच उठून बाहेर जाणाऱ्या बाईला व्यासपीठावर बसता येईल, अशी व्यवस्था आपण करू या.